आपेचा ऑइल फिल्टर, धारूरचा घाट आणि माझा साडेचौदा हजारांचा धडा



मागच्या व्हिडिओत आपण तीनचाकीचा ऑइल फिल्टर कसा बदलायचा ते दाखवलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली : "सर, वीस मिनिटांचं काम आहे, यात धंदा कसला?" उत्तर व्हिडिओत मावत नव्हतं, म्हणून इथं लिहितोय. पण सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

दुकान टाकून दुसरं वर्ष चालू होतं. स्पेअर पार्टसोबत ऑइल बदलून द्यायचं काम मी नुकतंच सुरू केलं होतं. एका संध्याकाळी एक मामा त्यांची डिझेल तीनचाकी घेऊन आले. तेलगाव-धारूर अशी प्रवासी वाहतूक करायचे. गिऱ्हाइकांची गर्दी होती, मी घाईत ऑइल काढलं, फिल्टर बदलला, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन आला.

"मालक, गाडीनं धरलं. घाटात उभा हाय. आत सात माणसं होती, त्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं."

धारूरचा घाट ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे, तिथं गाडी बंद पडणं म्हणजे काय. टेम्पोला बांधून गाडी आणली. मिस्त्रीनं फिल्टर खोलला आणि काही न बोलता माझ्या हातात दोन रबरी रिंगा ठेवल्या. एक नवी, एक जुनी. जुनी रिंग बसायच्या जागेला चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावरच नवीन फिल्टर बसवला होता. चढाला इंजिनवर लोड आला, ऑइलचा दाब वाढला, रिंग सरकली आणि काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा कधीचाच गेलेला होता, त्यामुळं मामांना कळलंच नाही. दिवा बघायचं मलाही सुचलं नव्हतं.

पिस्टन, बेअरिंग, लेथचं काम, मजुरी धरून साडेचौदा हजार रुपये झाले. गाडी पाच दिवस उभी. त्याच आठवड्यात मामांचा फायनान्सचा हप्ता होता. "नशीब तुमचं" म्हणून हात झटकता आले असते, रिंगा फक्त मिस्त्रीनं आणि मी बघितल्या होत्या. पण मी मामांना रिंगा दाखवल्या आणि खर्च माझ्याकडं घेतला. बीबीएला ब्रेक-इव्हन, मार्जिन, ग्राहक समाधान सगळं शिकलो होतो. दहा-पंधरा रुपयांची रिंग धंदा बुडवू शकते, हे कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

तर आता कामाचं बोलू.

फिल्टर नेमकं काय करतो?

इंजिन चालताना लोखंडाचा बारीक चुरा, काजळी आणि हवेतून आलेली धूळ ऑइलमध्ये मिसळते. पंप ते ऑइल फिल्टरमधून ढकलतो, घड्या घातलेला कागद कचरा अडवतो आणि स्वच्छ ऑइल बेअरिंगकडं जातं.

फिल्टर चोंदला तर ऑइल थांबत नाही. बहुतेक ठिकाणी बायपास व्हॉल्व्ह असतो. कागदातून ऑइल जाईना झालं की तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल तसंच पुढं सोडतो. कारण ऑइलच न मिळण्यापेक्षा घाण ऑइल मिळालेलं बरं. म्हणूनच ड्रायव्हर म्हणतो, "दोन वर्षं फिल्टर बदलला नाही, गाडीला काय झालं?" गाडी चालते हो, पण आतून घासत चालते. आपल्याकडचे कच्चे रस्ते आणि उन्हाळ्यातला फुफाटा बघा. ही धूळ ऑइलमध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते. म्हणून ऑइल फिल्टरसोबत एअर फिल्टर बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

जुनी सवय कुठून आली?

जुन्या दोन-स्ट्रोक पेट्रोल रिक्षांमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि ते जळून जायचं. इंजिन ऑइल बदलणे हा प्रकारच नव्हता, गिअरबॉक्सचं ऑइल तेवढं वेगळं. त्या गाड्यांवर हात बसलेल्या पिढीला चार-स्ट्रोकमध्ये इंजिन ऑइल वेळेवर बदलावं लागतं ही गोष्ट पटायला वेळ लागला. त्यात चूक त्यांची नाही. गाडी बदलली, पण कोणी बसून समजावून सांगितलं नाही. ते समजावणं हाच आपल्या धंद्याचा पहिला भाग आहे.

आणि तीनचाकी आपल्यासाठी काही परकी वस्तू नाही. बजाजचा वाळूजचा कारखाना आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ, आणि पियाजिओचा आपेचा कारखाना बारामतीला. आपे मूळची इटलीची, १९४८ सालची. इटालियन भाषेत 'आपे' म्हणजे मधमाशी. दिवसभर फिरायचं आणि थोडं थोडं जमा करायचं, नाव अगदी बरोबर आहे.

किती किलोमीटरला बदलायचा?

पहिलं उत्तर : त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढ्याला. पेट्रोल, सीएनजी, डिझेल, बीएस-४, बीएस-६ प्रत्येकाचा आकडा वेगळा असू शकतो. नवीन गाडीची पहिली सर्व्हिसिंग लवकर असते, कारण नवे पार्ट एकमेकांत बसताना जास्त चुरा सोडतात. ती चुकवायची नाही, आणि वॉरंटीत असेपर्यंत प्रत्येक बिल जपून ठेवायचं.

दुसरं उत्तर : किलोमीटरचे दिवस करा. ड्रायव्हरला किलोमीटर लक्षात राहत नाहीत, तारीख राहते. समजा गाडी रोज १२० किलोमीटर फिरते आणि महिन्यात २५ दिवस चालते. म्हणजे महिन्याला ३,००० किलोमीटर. मॅन्युअलमध्ये ५,००० लिहिलं असेल तर ५० दिवसांनी नंबर लागतो. घरच्या मोटारसायकलला तेवढे किलोमीटर व्हायला वर्ष लागेल. "सहा महिन्यांतून एकदा ऑइल" हा हिशेब तीनचाकीला लावला तर मध्ये तीन सर्व्हिसिंग गायब होतात.

तिसरी अडचण आपल्याकडची खास : मीटरच बंद. केबल तुटलेली, काटा शून्यावर. मग डिझेलवरून मोजा. ड्रायव्हरला विचारा, रोज किती लिटर टाकता? चार लिटर आणि ॲव्हरेज ३० असेल तर झाले की १२० किलोमीटर. आणि जमलं तर केबलही टाकून द्या. ते काम लहान असतं, पण त्यानंतर गिऱ्हाइकाचा तुमच्यावर विश्वास बसतो.

चौथं : ओव्हरलोड, घाट, धूळ, सतत थांबत-चालत काम असेल तर आकड्याच्या आधीच बदला.

आणि ऑइलच्या रंगावर जाऊ नका. डिझेल इंजिनात ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण चांगलं ऑइल काजळी स्वतःमध्ये धरून ठेवतं. ते काळं झालं म्हणजे खराब झालंच असं नाही. उलट सीएनजीवर ऑइल बराच काळ स्वच्छ दिसतं, तरी त्याचं आयुष्य संपलेलं असू शकतं. रंगापेक्षा तारीख आणि किलोमीटर खरे.

काम करताना हा क्रम पाळा

१. गाडी सपाट जागेवर, इंजिन कोमट. फार गरम असेल तर हात भाजतो, गार असेल तर ऑइल पूर्ण उतरत नाही.

२. ड्रेन बोल्टच्या आजूबाजूची माती आधी पुसा, मग खोला. वॉशर खराब असेल तर नवीन टाका. जाळी असेल तर धुऊन घ्या.

३. जुना फिल्टर काढल्यावर जुनी रिंग हातात आली का ते बघा. रिंग हातात दिसल्याशिवाय नवीन फिल्टरची पिशवी फाडायची नाही. आमच्या दुकानात हा नियम भिंतीवर लिहिलाय, कारण तुम्हाला माहीत आहे.

४. नवीन रिंगला बोटानं नवीन ऑइल लावा, म्हणजे ती पिळवटत नाही. डब्यासारखा फिरकीचा फिल्टर असेल तर रिंग टेकल्यानंतर हातानंच, कंपनीनं सांगितलंय तेवढा आवळा. पान्यानं जोर लावू नका.

५. ऑइल मोजून भरा. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे. ज्या इंजिनात क्लच इंजिन ऑइलमध्येच भिजलेला असतो तिथं कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. अशा गाडीसाठी डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं ऑइल बघून घ्या.

६. गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. ऑइलचा दिवा स्विच ऑन केल्यावर लागतो का आणि इंजिन चालू झाल्यावर विझतो का, दोन्ही बघा. खाली वाकून गळती बघा. बंद करून थोडं थांबा आणि कांडीवर लेव्हल बघा.

७. जुना फिल्टर कापून आतला कागद बघा, चुंबक फिरवा. थोडा काळा गाळ चालतो. लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटला किंवा पितळेसारखी चकाकी दिसली तर ड्रायव्हरला तिथंच सांगा. आज सांगितलं तर थोडक्यात भागेल, घाटात कळलं तर भागणार नाही.

आता पैशाचा हिशेब

खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून परत मांडा. फिल्टर १५० रुपये, ऑइल ९०० रुपये, म्हणजे १,०५०. ते ५,००० किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला २१ पैसे. त्यात फिल्टरचे फक्त ३ पैसे. ड्रायव्हर वाचवतो ते हे ३ पैसे.

माझ्या चुकीचे साडेचौदा हजार म्हणजे असे ९६ फिल्टर. ५० दिवसांना एक धरला तर तेरा वर्षांचे फिल्टर झाले. हा हिशेब मी गिऱ्हाइकाला बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दाखवतो. भाषणापेक्षा तो कागद जास्त काम करतो.

आता तुमची बाजू. एका सर्व्हिसिंगमागं मजुरी आणि मार्जिन मिळून २०० रुपये सुटतात असं धरा. ४० गाड्या बांधल्या तर ५० दिवसांच्या चक्रानं महिन्याला २४ सर्व्हिसिंग, म्हणजे ४,८००. यात दुकानाचं भाडं निघणं अवघड. १०० गाड्या असतील तर ६० सर्व्हिसिंग, १२,०००. म्हणजे नुसत्या ऑइल-फिल्टरवर घर चालणार नाही, हे आधीच मान्य करा. पण गाडी दर ५० दिवसांनी तुमच्या दारात येते, तेव्हा ब्रेक, केबल, ग्रीसिंग, बल्ब, एअर फिल्टर हे सगळं काम तुम्हाला दिसतं. फिल्टरमुळं गाडी दारात येते, कमाई बाकीच्या कामात होते.

सुरू करायचं असेल तर

माल भरायच्या आधी वही घेऊन दोन दिवस स्टँडवर बसा. कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या आहेत ते मोजा. जास्त चालणाऱ्या तीन-चार मॉडेलचेच फिल्टर ठेवा. बाकी मागणीप्रमाणे आणा. पैसा मांडणीत अडकवू नका. फिल्टर ओळखीच्या डीलरकडून बिलासकट घ्या. दुप्पट मार्जिनवाला नकली फिल्टर हा पुढच्या भांडणाचा ॲडव्हान्स असतो.

वेळ ड्रायव्हरची बघा. सकाळी दहाला गाडी उभी करणं म्हणजे त्याची मजुरी बुडवणं. आम्ही पहाटे आणि रात्री आठनंतर काम करतो. ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आणि परळीच्या महाशिवरात्रीच्या आठवडाभर आधी फोन करून गाड्या बोलावतो, कारण नंतर त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो.

एक रजिस्टर ठेवा : गाडी नंबर, फोन, तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, पुढची तारीख. डॅशबोर्डवर स्टिकर, पाच दिवस आधी व्हॉट्सॲप. हा धंदा पान्यापेक्षा जास्त या वहीवर चालतो. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून घ्या. कर्ज लागलं तर मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, चौकशी बँकेत करा, एजंटाकडं नको.

जळकं ऑइल नाल्यात किंवा रस्त्यावर ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते धोकादायक कचऱ्यात मोडतं आणि परवानाधारकालाच द्यायचं असतं. नियम बाजूला ठेवा, आपल्या जिल्ह्यात पाण्याची किंमत कोणाला सांगायला नको. ड्रममध्ये साठवा, झाकण लावा.

आणि शेवटचं, इलेक्ट्रिक तीनचाकी येतायत. त्यात इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही. त्यामुळं ब्रेक, बेअरिंग, सस्पेन्शन आणि वायरिंगचं काम आत्तापासून शिकून ठेवा. वहीतली गिऱ्हाइकं तीच राहतात, गाडी बदलते.

ते मामा त्यानंतर दोन महिने माझ्याकडं आले नाहीत. मी धरून चाललो होतो की गिऱ्हाईक गेलं. मग एक दिवस आले, सोबत मेव्हण्याची गाडी. मेव्हण्याला म्हणाले, "ह्यानं माझी गाडी घालवली होती. पण खोटं बोलला नाही. टाक इथं."

आता गाडी खोलली की मामा स्वतः हात पुढं करतात. आधी जुनी रिंग त्यांच्या तळहातावर ठेवायची, मगच नवीन फिल्टर. मला त्याचा राग येत नाही. तुम्हीही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर जुनी रिंग ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत स्टँडवर जाऊन गाड्या मोजा आणि वहीचं पहिलं पान भरा.