शंकरशेट रस्त्यावरची मुलं आणि विज्ञानाची वाट

गिरगावातल्या खोताच्या वाडीतून बाहेर पडलं की आपण जगन्नाथ शंकरशेट रस्त्याला लागतो. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेटांच्या नावाची शिष्यवृत्ती मॅट्रिकला संस्कृतात अव्वल येणाऱ्याला मिळे आणि मराठी घरांत तिचा केवढा दबदबा होता! चिंतामणराव देशमुखांनी ती १९१२ साली मिळवली. पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचं पारितोषिकही पटकावलं, पण अखेर ते आयसीएस झाले. हुशार मुलानं कुठं जायचं, हे त्याच्या आवडीइतकंच लोक कशाला मान देतात यावरही ठरत आलं आहे.

कमला भागवतांची, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींची गोष्ट वेगळी. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तरी त्या हटल्या नाहीत. जिद्द त्यांची होतीच. पण वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, ही बाब मला फार मोलाची वाटते. प्रयोगशाळा हे आपल्या माणसांचं ठिकाण आहे, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं.

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत असा काका कुठला? ती उणीव भरण्याचं काम मुंबईत नेटानं झालं. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद उभी राहिली, १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आलं, १९७७ मध्ये वरळीचं नेहरू तारांगण. भाभा केंद्रानं महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर काम केलं, तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली: पुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांना विज्ञान अधिक चांगलं समजतं. मुलगा ‘ढ’ आहे असं म्हणण्याआधी हे आठवायला हवं.

१९८१ पासून होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू झाली. सहावी-नववीच्या मुलांना लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही करावा लागतो, हे तिचं खरं बळ. आता तिचेही क्लास निघालेत. पदकासाठी प्रकल्प पालकांनीच पुरा केला, तर मुलाच्या हाती काय उरतं?

हातांनी काही करून पाहण्याची ओढ मात्र गिरगावात कधी आटली नाही. गणपतीच्या हलत्या देखाव्यामागे गाडीच्या वायपरची जुनी मोटर बसवून राक्षसाचा हात हलवणारी पोरं बघा. पट्टा घसरला की दोरा गुंडाळतात, पुली सरकवतात, पुन्हा चालू करतात. त्यातल्या किती जणांना कुणी सांगितलं, की याच कामाचं शिक्षण असतं आणि त्यावर पोटही भरतं?

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या लुईस आर्चर आणि सहकाऱ्यांनी दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. बहुतेकांना विज्ञान आवडत होतं, पण शास्त्रज्ञ व्हावंसं वाटणारी जेमतेम १५ टक्के निघाली. आवड आणि ‘हे माझ्यासारख्यासाठी आहे’ ही खात्री यांत एवढं अंतर पडतं. घरात विज्ञानाशी संबंध असलेलं माणूस असलं की ते कमी होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावखालून भुयारी मेट्रो धावू लागली. त्याआधी कित्येक वर्षं इथली मुलं पत्र्याच्या कुंपणाला वळसा घालून शाळेत जात होती आणि त्यांच्या पायाखाली भुयार खणणारं अजस्र यंत्र सरकत होतं. ते यंत्र कसं चालतं हे सांगणारं माणूस त्यांच्या घरी नसेल, तर ते तुम्ही व्हा. तुम्ही इंजिनिअर असाल, लॅबमध्ये काम करत असाल, लेथवर उभे राहत असाल, तर जवळच्या शाळेत नववीच्या वर्गाला एक तास द्या. भाषण नको, दिवसभर काय करता ते मराठीत सांगा आणि मुलींना पुढच्या बाकांवर बसवा.