डिझेल इंजिनाची गती का डळमळते?
रास करण्याच्या दिवसांत ट्रॅक्टरमधील दोष शोधण्याची सोपी रीत

निलंगा तालुक्यात सप्टेंबरअखेर सोयाबीनची काढणी सुरू होते आणि ऑक्टोबरात शिवारोशिवारी बनमी उभ्या राहतात. परतीच्या पावसाचे ढग दिसू लागले की प्रत्येकास रास करण्याची घाई होते. नेमक्या अशा वेळी मळणी यंत्र फिरविणाऱ्या ट्रॅक्टरची गती कमीअधिक होऊ लागली, तर केवळ वेळेचीच हानी होते असे नाही. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल नाजूक असते. बियाण्यासाठी मळणी करताना दाण्यातील ओलावा 14 टक्के असल्यास ढोलाची गती मिनिटास 400 ते 500 फेरे व 13 टक्के असल्यास 300 ते 400 फेरे ठेवावी लागते. गती एकाएकी वाढली की दाणा फुटतो व बियाण्याची उगवणशक्ती घटते. गती मंदावली की शेंगा न फुटताच भुसकटात जातात.

गेल्या काही हंगामांपूर्वी अशाच एका खळ्यावर जाण्याचा प्रसंग आला. तेथील इंजिन पाऊण तास उत्तम चाले, नंतर रेस ओढूनही गती चढत नसे. थोडा वेळ विसावा दिला की पुन्हा पूर्ववत चाले. "पंप उघडावा लागेल," असा सल्ला शेतकऱ्यास मिळाला होता. प्रथम टाकीचे झाकण सैल करून पाहिले, तो हवा आत शिरल्याचा आवाज झाला. झाकणावरील हवेचे बारीक छिद्र भुसकटाने बुजले होते! ते तारेने मोकळे करताच काम सुरू झाले.

रेसचा दांडा काय करतो?

पेट्रोल इंजिनात रेस वाढविली की आत जाणाऱ्या हवेची वाट मोठी होते. शेतावरील साध्या डिझेल इंजिनात तसे नसते. हवा नेहमी पूर्ण प्रमाणात आत जाते. दांडा गव्हर्नरला केवळ हवी ती गती सांगतो. भार वाढला की गव्हर्नर डिझेल वाढवितो, भार कमी झाला की घटवितो. म्हणून गती डळमळू लागली, तर मागितलेले डिझेल वेळेवर पोहोचते काय, हा पहिला प्रश्न होय.

तपासणीचा क्रम

तपासणी टाकीपासून सुरू करून इंजिनाकडे जावे. मळणी यंत्राचा जोड आधी सोडवावा, जवळ विडी ओढू नये.

1. टाकी : झाकणाचे छिद्र व तळाची तोटी पाहावी. तळाशी बसलेले पाणी व गाळ सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी काढून टाकावा.

2. फिल्टर : इंजिन रिकामे असता नीट चालते, पण भार येताच मान टाकते, हे बहुधा फिल्टर चोंदल्याचे लक्षण असते. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसवू नये, नवा घालावा.

3. नळीतील हवा : गती आपोआप वर-खाली होत राहिल्यास नळीत हवा शिरल्याचा संशय घ्यावा. टाकीपासून ओढपंपापर्यंतच्या नळीत ओढ असते. त्यामुळे सैल जोडातून डिझेल न गळताही हवा आत जाते. जोड घट्ट करावेत. नंतर फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा व बुडबुडे थांबल्यावर, डिझेल वाहत असतानाच, स्क्रू आवळावा.

4. दांडा व सांधे : दांडा हलविल्यावर पंपावरील हातही लगेच हलतो काय, हे पाहावे. झिजलेल्या खिळीमुळे किंवा साचलेल्या मळामुळे दांडा हलतो, पण पंपास निरोप उशिरा पोहोचतो.

5. हवा-गाळणी : मळणीच्या धुरळ्यात तेलाची गाळणी रोज उघडावी. तेल गढूळ झाले असल्यास बदलावे.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे हवा अपुरी, डिझेल अधिक अथवा नॉझल सदोष. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिल्यास डिझेल न जळता बाहेर पडत आहे किंवा पाणी शिरले आहे असे समजावे. निळसर धूर म्हणजे वंगण-तेल जळत आहे. काळा धूर नसताना शक्ती कमी पडत असेल, तर डिझेलच अपुरे पोहोचत असण्याचा संभव अधिक.

येथे थांबावे

वरील पाच गोष्टी निर्दोष ठरल्यावरच नॉझल व पंप कुशल मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. पंपाचे सील शेतावर तोडू नये. नॉझलच्या नळीतील गळती हाताने चाचपू नये. तेथील फवारा कातडीत घुसतो व गंभीर इजा होते. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांत हा दाब फारच मोठा असल्याने त्यांच्या नळ्या मुळीच सैल करू नयेत.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी व इंजिन चालवून पाहावे. अन्यथा दोष कोठे होता ते कळत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टरधारकांना एकत्र बोलावून हा क्रम प्रत्यक्ष करून दाखवावा. रोज सायंकाळी गाळलेल्या डिझेलने टाकी भरून ठेवण्याची सवय लावली, तर रात्रीच्या गारव्याने टाकीत पाणी धरण्याचे प्रमाणही कमी होईल. खळ्यावर घालविलेली ही पंधरा मिनिटे पावसापूर्वी रास घरी आणतील आणि पुढील वर्षाचे बियाणेही राखतील.