सत्कार बारावीचा, परीक्षा पंधरावीची

गरिबाच्या पोराला शिकवायला समाज कसा पुढे आला, हे लिहायला बसलं की आपली मंडळी ठरलेल्या वाटेने निघतात. पुण्यातली माधुकरी, वार लावून जेवणं, शाहू महाराजांच्या पाठबळावर १९०१ साली कोल्हापुरात निघालेलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, भाऊरावांचं साताऱ्यातलं १९२४ चं शाहू बोर्डिंग, मग ‘कमवा आणि शिका’, आणि १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी पुण्यात उभी केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती. सगळं थोरच, पण अंकाअंकांतून इतकं छापून झालंय की मी एका दमात उरकलं. शिवाय ही बहुतेक हकिकत गावाहून शहरात आलेल्या मुलाची. त्याला डोक्यावर छप्पर हवं होतं. छप्पर आहे पण त्याखाली वही उघडायला जागा नाही, अशा शहरातल्याच पोराची गोष्ट कुणी सलग सांगत नाही.

तिचं मूळही जुनंच आहे. फुले दांपत्याने १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९११ साली ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं आली. महाविद्यालयापुरतं बोलायचं तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते सिद्धार्थ कॉलेज. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी मुंबईत हे कॉलेज सुरू झालं, आणि वर्ग भरायचे सकाळी. मुलगा तास आटपून कचेरी गाठू शकत होता. नोकरी सोड आणि मग शीक, असं त्याला कुणी सांगितलं नाही. वेळापत्रक त्याच्या पोटाकडे बघून आखलेलं होतं.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. तो म्हणजे वस्तीतली अभ्यासिका. संपादकांनी शब्दमर्यादा घातली आहे, तरी इथे मी हात आखडता घेणार नाही.

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तीत आजी, आई-वडील, भावंडं, कधी गावाकडचा पाहुणा. संध्याकाळी स्टोव्ह, रेडिओ आणि पुढे टीव्ही. रात्री अंथरुणं पडली की दिवा मालवायचा, कारण कुणाची तरी पहिली पाळी असायची. अशा घरातली मुलं गॅलरीत बसत, जिन्यात बसत, नाहीतर वरळीच्या अभ्यास गल्लीत रस्त्याच्या दिव्याखाली. त्या गल्लीचं कौतुक पुष्कळ होतं. मला मात्र तिचा अभिमान वाटण्याआधी राग येतो. एवढ्या श्रीमंत शहरात मुलाने रस्त्यावर का बसावं?

आमच्या परळ-लालबाग भागात यावर उत्तर निघालं ते कुठल्या अहवालातून नाही. पालिकेच्या शाळेचे वर्ग संध्याकाळी रिकामे असत. मंडळाने शिपायाशी बोलून किल्ली मिळवली, वर्गणीतून ट्यूबलाइट बसवल्या, फळा रंगवला. जवळच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक शनिवारी अकाउंट्स आणि इंग्रजीला बसू लागले. पहिलीच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली एफवायची पोरं बघून हसू यायचं, पण रात्री साडेअकरापर्यंत एकही बाक रिकामं नसायचं. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात पुस्तकपेढी. वर्षाच्या सुरुवातीला थोडी अनामत ठेवून पुस्तकं न्यायची, परीक्षा झाली की परत. खाकी कव्हरावर मंडळाचा शिक्का आणि आत आधीच्या पोराने पेन्सिलीने केलेल्या खुणा. कुठला प्रश्न दरवर्षी येतो, ते त्या खुणांवरून कळायचं.

पण अभ्यासिकेचा खरा कणा होती हजेरीची वही. १९८२ च्या गिरणी संपानंतर घराघरांतून बाप बसून होता आणि पहिली कुऱ्हाड पडायची ती मोठ्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या कॉलेजवर. कॉलेज सोडतोय असं कुणी जाहीर करत नाही. आधी चार दिवस येत नाही, मग परीक्षेचा फॉर्म भरायचा राहतो, आणि पुढच्या जूनमध्ये पोरगं कुठल्या तरी दुकानात काउंटरवर दिसतं. म्हणून लागोपाठ तीन दिवस वहीत फुली पडली की वही सांभाळणारे काका, एका गिरणीतले निवृत्त टाइमकीपर, थेट खोलीवर जायचे. “काकी, ताई दिसली नाही परवापासून?” एवढंच विचारायचे. दारात पापड वाळत असायचे, ताई लाटत असायची. काका चहा घ्यायचे, शिकवण एका शब्दाने द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या दोघी-तिघी वहिनी पापडांची ऑर्डर वाटून घ्यायच्या आणि संध्याकाळी ताई बाकावर हजर. ती पुढे बीकॉम झाली.

परिसंवादांतून मिरवणारे आमचे काही विद्वान मित्र या सगळ्याला ‘भाबडं समाजकार्य’ म्हणत. फीचे पैसे पोचवा, बाकीचं मुलं बघून घेतील, असं त्यांचं म्हणणं. पैसे लागतात, नाही कोण म्हणतो? पण फी भरल्याने प्रवेश होतो, पदवी होत नाही. शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं खातं लागतं. त्यातलं एक अडकलं की रक्कम परीक्षा उलटल्यावर येते. तोवर पोराला दोन केटी लागलेल्या असतात आणि ‘आपल्याला झेपत नाही’ हे त्याने मनाशी ठरवून टाकलेलं असतं. त्या वेळी त्याच्याजवळ बसणारं माणूस कुठल्या योजनेत मिळतं, ते या मित्रांनी एकदा सांगावं.

आणि आज? ‘अभ्यासिका’ म्हटलं की पुण्याच्या पेठांतले महिन्याला पैसे मोजून मिळणारे प्लायवूडचे कप्पे डोळ्यांपुढे येतात. बसणारा स्पर्धा परीक्षेचा, भाडं भरणारा त्याचा बाप. चाळी पाडून टॉवर उठताहेत. लोकांना मोठी घरं मिळाली याचा आनंदच आहे, पण दहाव्या मजल्यावरचं पोर चार दिवस दिसलं नाही तर विचारणार कोण? मंडळांकडे पैसा आला आणि वेळ गेला. पोरगं संध्याकाळी पाठीवर चौकोनी पेटी लावून कुणाचं तरी जेवण पोचवतं आणि रात्री बाराला पुस्तक उघडतं. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय केली. लवचीकता म्हणून तिचं कौतुक चाललं आहे. ज्याच्या घरी पैसा आहे तो वर्षभराने परत येईल. आमच्या वस्तीतला बाहेर पडला की पगाराला लागला. त्याला परत आणायला कुणी जाणार नसेल, तर ही लवचीकता म्हणजे गळतीला दिलेलं प्रमाणपत्र आहे.

म्हणून मंडळांकडे माझं एकच मागणं आहे. दहावी-बारावीच्या टक्केवाल्यांचे गुणगौरव पुष्कळ झाले. त्यांना शाल द्यायला नगरसेवक, बँक आणि क्लासवाले टपलेलेच आहेत. यंदाच्या उत्सवात व्यासपीठावर बोलवा ते तीन वर्षांची पदवी पाच वर्षांत पुरी करणाऱ्याला, शेवटच्या सेमिस्टरला जुनी केटी सोडवणाऱ्या पोरीला. नावं सुचत नसतील तर तोच दोष समजा, आणि उत्सव संपल्या दिवशी शाळेची किल्ली मागायला जा.