सेनगाव ते औंढा : गजानन महाराजांच्या पालखीची वाट

शेगावहून आषाढी वारीसाठी निघणारी संत गजानन महाराजांची पालखी सुमारे महिनाभर पायी चालून पंढरपूरला पोहोचते. विदर्भातील रिसोड सोडल्यावर ती हिंगोली जिल्ह्यात येते. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर, पताका खांद्यावर घेतलेले वारकरी डांबरी रस्त्याने सेनगाव, डिग्रस, औंढा नागनाथ आणि जवळा बाजार असे टप्पे गाठत परभणीकडे सरकतात. मुक्कामाच्या गावांत वारकऱ्यांच्या जेवणाची आणि निवाऱ्याची सोय होते.

या वाटेवरचे औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंग म्हणून पूजले जाते. यादवकालीन हेमाडपंती मंदिराच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. येथेच विसोबा खेचरांनी संत नामदेवांना उपदेश केला, अशी परंपरा आहे. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात, कयाधू नदीकाठी आहे.