दीगामे, दामेलो, देसेला

स्पेनमध्ये कोणाच्या घरी टेलिफोन केला, तर पलीकडून पुष्कळदा 'दीगामे' असा शब्द कानी पडतो. नवशिका विद्यार्थी तो कोशात शोधू लागतो आणि काही केल्या तो सापडत नाही. सापडणार कसा? हा मुळी एक शब्दच नव्हे. 'दीगा' म्हणजे 'सांगा' आणि 'मे' म्हणजे 'मला'. 'बोला, ऐकतो आहे' एवढाच त्याचा भाव. कोशात असते ते 'देसीर', म्हणजे सांगणे, हे मूळ क्रियापद. त्याचे रूप बदलले, वर शेवटी 'मला' येऊन चिकटले, की ते ओळखू येईनासे होते. स्पॅनिश शिकणाऱ्याची पहिली खरी दमछाक होते ती इथे.

आपण मराठीत 'मला ते दे' म्हणतो, 'दे मला ते' म्हणतो, 'ते दे मला' असेही म्हणतो. स्पॅनिशमध्ये ही मोकळीक नाही. 'मला दे' म्हणजे 'दामे'. 'मला ते दे' म्हणजे 'दामेलो'. ज्याला द्यावयाचे तो आधी, जे द्यावयाचे ते मागून. 'दालोमे' असे कोणी म्हणणार नाही. शेपूट कितीही लांबली तरी आघात मात्र 'दा'वरच राहतो, आणि तो तिथे आहे हे दाखवण्यासाठी 'दामेलो' लिहिताना त्या स्वरावर खूण करावी लागते. नुसत्या 'दामे'ला ती लागत नाही. आपल्या गोव्यात ज्यांनी पूर्वी पोर्तुगीज शाळेत धडे गिरवले, त्यांना हा प्रकार परका वाटू नये. पोर्तुगीजमध्येही सर्वनाम असेच मागे येते, फक्त मधे आडवी रेघ असते.

संस्कृत जाणणाऱ्याला तर इथे घरचेच माणूस भेटते. स्पॅनिश 'दार' आणि आपला 'दा' धातू एकाच कुळातले. 'मे' हेही त्याच गोतावळ्यातले. संस्कृतात मे, ते, नः, वः ही आखूड रूपे वाक्याच्या आरंभी घालता येत नाहीत, त्यांना आधाराला आधीचा शब्द लागतो. जुन्या स्पॅनिशमध्येही हाच दंडक होता. म्हणून 1605 साली छापलेल्या 'दोन किखोते'मध्ये 'त्याला म्हणाला' या अर्थी 'दीखोले' असे जोडरूप ठिकठिकाणी आढळते. आज बोलताना 'ले दीखो' म्हणतात. दंडक सैल झाला, सर्वनाम पुढे आले.

मग आज ते मागे चिकटते कुठे? होकारार्थी आज्ञेत, 'सांगणे' अशा मूळ रूपाला, आणि 'सांगत' अशा चालू क्रियेच्या रूपाला, इतरत्र पुढे. 'मला तुला ते सांगायचे आहे' हे 'किएरो देसीर्तेलो' असे म्हणा नाहीतर 'ते लो किएरो देसीर' असे म्हणा, दोन्ही शुद्धच. यात फारसे अडण्याजोगे काही नाही.

अडते ते नकारात. अमेरिकेतल्या इस्पितळांत स्पॅनिश बोलणारे रोगी नित्य येतात, आणि तिथल्या आपल्या मराठी डॉक्टरांनाही ते भेटतात. समजा, आजारी मुलाच्या आईला सांगावयाचे आहे, 'त्याला ही गोळी द्या.' गोळी तिकडेही स्त्रीलिंगीच, म्हणून 'लो' न येता 'ला' येते आणि वाक्य होते 'देसेला'. 'देऊ नका' म्हणावयाचे तर 'नो से ला दे'. बघा, आदरार्थी क्रियापद दोन्हीकडे 'दे' हेच आहे. नकार येताच दोन्ही सर्वनामे शेपटीवरून उडी मारून पुढे आली. (मराठी कानाला तर शेवटचा 'दे' ऐकून हात पुढे करावासा वाटेल!) खरखरणाऱ्या टेलिफोनवर तो चिमुकला 'नो' गळून पडला, तरी 'से ला' क्रियापदाच्या पुढे आहे एवढ्यावरून स्पॅनिश माणूस थबकतो आणि पुन्हा विचारतो. म्हणून माझे मत असे, की हा नियम केवळ पाठ करून भागणार नाही. तो कानात बसला पाहिजे.

आता या 'से'विषयी. 'त्याला' म्हणजे 'ले'. मग 'ले ला' का नाही? ते कानाला वाईट लागते म्हणून बदलले, असे पुष्कळ ठिकाणी शिकवतात. मला ते पटत नाही. जुन्या भाषेत लॅटिनवरून आलेले 'झेलो' असे रूप होते. पुढे ध्वनी बदलत गेले, ते 'झे' आधीपासून असलेल्या 'से'मध्ये मिसळून गेले आणि सोळाव्या शतकापर्यंत 'से लो' रूढ झाले. कानाच्या आवडीनिवडीपेक्षा इतिहासाचा हात यात मोठा आहे.

परंतु या मिसळण्याची किंमत पडली. 'से' म्हणजे त्याला, तिला, त्यांना, आणि आदराने तुम्हालाही. कारण संस्कृतातल्या 'भवान्'प्रमाणे स्पॅनिशमधला 'उस्तेद' हाही तृतीय पुरुषाचाच मान घेतो. घरात मुलगा आजारी आणि मुलगीही आजारी असेल, तर नुसत्या 'देसेला'वरून गोळी कोणाला हे कळावयाचे नाही. म्हणून जाणता बोलणारा पुढे 'आ एया', म्हणजे 'तिला', किंवा 'आ एल', म्हणजे 'त्याला', असे जोडतो. मराठीत हे 'तिला ती द्या तिला' असे दुहेरी वाटेल. तिकडे ती द्विरुक्ती नव्हे. 'देसेला आ एया' असेच म्हणावयाचे, आणि 'से' गाळावयाचा नाही.