लेक वाचते, आई ऐकते

माझी मुलगी यंदा आठवीत गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने वस्तीतल्या वाचनालयातून चार पुस्तके आणून वाचली. मी घरी ब्लाऊज शिवते. मशीन बंद करून हुक लावायला बसले की ती शेजारी येऊन मोठ्याने वाचायची. वाचून झाल्यावर आपले मतही द्यायची, न विचारता.

पहिला आला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. पुस्तक दोन दिवसांत संपले. सायकल, चोर, पाठलाग, आणि वरून त्याचे ते ‘टॉक्’! घरात आठवडाभर तेच चालले होते. मत मात्र असे पडले : “मजा येते आई, पण ह्याला उशीर झाला तरी कुणी फारसं ओरडत नाही. मला साडेसातनंतर बाहेर राहू देशील का?” मी हुक लावत राहिले. माझे उत्तर तिला ठाऊक होते.

मग ‘पाडस’. मार्जोरी रॉलिंग्ज या अमेरिकन बाईंची ही कादंबरी 1938 सालची, मराठीत आणली राम पटवर्धनांनी. जंगलाची वर्णने लांबतात म्हणून हिने सुरुवातीची काही पाने गाळली, तसे कबूलही केले. नंतर गुंतली. ज्योडीच्या बापाला साप चावतो, विष उतरवायला तो हरणी मारतो, तिचे पोरके पाडस ज्योडी घरी आणून वाढवतो. पाडस मोठे होते आणि शेतातला कोवळा मका खाऊ लागते. कुंपण घातले तरी आत शिरते. शेवटी आईची गोळी नीट लागत नाही आणि जखमी पाडसाला ज्योडीलाच मारावे लागते. त्या रात्री पोर जेवली नाही. आधी तिचा राग ज्योडीच्या आईवर होता. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मका गेला तर वर्षभर खाणार काय ते लोक? पुस्तकात वाईट कुणीच नाही, म्हणून जास्त रडू येतं.” तिचे पप्पा रिक्षा घेऊन निघाले होते, तेही दारात थांबून ऐकत राहिले.

‘तोत्तोचान’ तिच्याबरोबर मलाही आवडले. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या लहानपणीच्या शाळेवर 1981 साली हे जपानीत लिहिले. पहिलीतच शाळेतून काढलेली मुलगी तोमोए शाळेत येते. वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. आमच्या मुलांचे चार मिनिटे कोण ऐकते? पण लेकीने धरून ठेवले ते भलतेच छोटे प्रकरण. मासाओचान नावाचा एक कोरियन मुलगा रस्त्यात तोत्तोचानला पाहून ‘कोरियन!’ असे द्वेषाने ओरडतो. ती तर जपानी. घरी येऊन आईला सांगते, तेव्हा आईचे डोळे भरतात. लोक त्याला हिणवून तेच म्हणत असणार, म्हणून त्या पोराला ती शिवीच वाटते, हे आईला कळते. लेकीने पुस्तक मिटले आणि विचारले, “स्वतःच्या लोकांचं नाव त्याला शिवी वाटतं?” तिने पुढे काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही. आम्हा दोघींना कळायचे ते कळले होते.

शेवटचे ‘श्यामची आई’. कादंबरी म्हणा, आठवणी म्हणा. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेले. मी शाळेत असताना ते वाचून ढसाढसा रडले होते. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते, कुणी हात लावत नाही आणि श्यामची आई त्याला मोळी उचलून द्यायला पाठवते, तो भाग आहे. लेक वाचता वाचता थांबली. “आई, चांगली आहे ना ही बाई? मग घरी येऊन आंघोळ कर असं का सांगते?”

इतकी वर्षे मला ती आंघोळ दिसलीच नव्हती! मी तिला सांगितले की तो काळ तसा होता, गुरुजींनी ते लपवले नाही, आणि याच गुरुजींनी 1947 साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. ते तिला पटले. पुस्तकाला तिने चांगलेच म्हटले. पण एक तक्रार सोडली नाही : सगळे श्यामचे आणि त्याच्या आईचे कौतुक, त्या म्हातारीचे काय? ती मोळी घेऊन कुठल्या घरी गेली?

सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. तरुणपणी त्यांनी गावाकडे डोक्यावरून मोळ्या वाहून विकल्या आहेत. त्यांनी नातीला तो भाग पुन्हा वाचायला लावला, सगळा ऐकला आणि विचारले, “बाय, मोळी ओली होती का सुकी? ओली असंल तर म्हातारीला एकटीनं उचलायची न्हाय.”

नात पाने मागेपुढे करून शोधत बसली.