सेवापुस्तकातील रजेचे पान

ज्याने सरकारी नोकरीत थोडीबहुत वर्षे काढली आहेत, त्याला सेवापुस्तकातील रजेच्या हिशेबाचे पान निराळे सांगावयास नको. अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित, असाधारण अशा रकान्यांत विभागलेल्या त्या पानावर जमा, खर्च आणि शिल्लक यांचे आकडे आस्थापनेचा लिपिक वर्षानुवर्षे मांडीत असतो. आणि माणूस नियत वयोमानाने निवृत्त झाला, शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण झाले, की त्या पानाकडे पुन्हा कोणी वळत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांनी हा हिशेब मोठ्या काटेकोरपणे बांधून दिला आहे. अर्जित रजा वर्षाकाठी ३० दिवस, जानेवारी आणि जुलै महिन्यांच्या पहिल्या तारखेस पंधरा-पंधरा दिवसांनी आगाऊ जमा होणारी. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस. आणि आजारपणात वैद्यकीय दाखल्याच्या आधारे पूर्ण पगार पदरात पडावा अशी इच्छा असेल तर परिवर्तित रजा, जिच्या प्रत्येक दिवसापोटी अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खर्ची पडतात. शिक्षकांसारख्या दीर्घ सुट्ट्या उपभोगणाऱ्यांचा हिशेब थोडा वेगळा, पण रीत तीच.

हा हिशेब दिवसांचा आणि पैशांचा. परंतु गेल्या काही दशकांत युरोपातील आरोग्य-संशोधकांनी हेच पान निराळ्या दृष्टीने वाचावयास घेतले, आणि त्यातून जे निष्पन्न झाले ते परभणीच्या कचेरीत बसणाऱ्या खातेप्रमुखानेही लक्षात घ्यावे इतके महत्त्वाचे आहे. फ्रान्समधील वीज आणि गॅस पुरविणाऱ्या राष्ट्रीय उपक्रमांच्या सुमारे वीस हजार कर्मचाऱ्यांची एक दीर्घ पाहणी १९८९ साली सुरू झाली. तिच्यात असे आढळले की, ज्यांनी आजारी रजा घेतल्या होत्या त्यांच्यात पुढील वर्षांत नैराश्याचे प्रमाण, ज्यांनी अशी रजा घेतली नव्हती त्यांच्यापेक्षा अधिक होते. आणि विशेष हे की, केवळ मनोविकारासाठी घेतलेल्या रजांच्याच बाबतीत नव्हे, तर अन्य शारीरिक कारणांसाठी घेतलेल्या रजांच्या बाबतीतही हा संबंध दिसून आला. लंडनमधील १०,३०८ सरकारी नोकरांची जी पाहणी १९८५ पासून चालली आणि ‘व्हाइटहॉल’ या नावाने प्रसिद्ध झाली, तिने तर याच्याही पुढची गोष्ट २००३ साली मांडली. दहा वर्षांच्या काळात डॉक्टरी दाखल्यावर, प्रत्येक खेपेस सात दिवसांहून अधिक, अशा पाचांहून जास्त रजा ज्यांनी घेतल्या, त्यांचे मृत्युप्रमाण अशी एकही रजा न घेणाऱ्यांच्या तुलनेत पुरुषांत ४.८ पट आणि स्त्रियांत २.७ पट भरले, आणि तेही वय व हुद्दा यांचा फरक हिशेबात धरून.

या आकड्यांवरून रजेनेच माणूस आजारी पडतो असा उफराटा अर्थ कोणी काढू नये. उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला भेगा दिसू लागतात तेव्हा जमिनीतील ओल त्यापूर्वीच खोल गेलेली असते. वारंवार येणारा रजेचा अर्ज ही तशीच वर दिसणारी भेग होय. नैराश्य हा विकार आपल्याकडे क्वचितच स्वतःच्या नावाने प्रकट होतो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके जड राहते, जेवण जात नाही, जीव घाबरा होतो, कामात जीव लागत नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस प्रथम गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, आणि तेथून त्याला जो दाखला मिळतो त्यावर विषाणुजन्य ताप, आम्लपित्त किंवा कंबरदुखी यांपैकी काहीतरी लिहिलेले असते. डॉक्टर खोटे लिहितो असे नव्हे. पित्त असतेच, कंबरही दुखतेच. पण या दुखण्यांच्या मुळाशी जे आहे ते लिहावयास डॉक्टरही धजत नाही आणि रोगीही तसे लिहू देत नाही, कारण आस्थापना शाखेतून तो कागद चारचौघांच्या हातांतून जाणार, ‘याच्या डोक्यावर परिणाम झालाय’ अशी कुजबुज होणार, मग बढतीच्या वेळी, बदलीच्या वेळी, आणि घरी मुलीच्या सोयरिकीच्या वेळीही ती आड येणार, ही धास्ती त्याला असते.

परभणी जिल्ह्याच्या संदर्भात या धास्तीला आणखी एक पदर आहे. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात मोठे कारखाने थोडे. कापूस, सोयाबीन, तूर यांच्यावर आणि पावसाच्या लहरीवर बहुतेक घरांचा संसार. अशा ठिकाणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, तहसीलीत, १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात, पूर्णेच्या रेल्वे जंक्शनवर किंवा एस.टी.च्या आगारात ज्याला पगाराची नोकरी लागली, तो केवळ आपल्या बायकामुलांचा पोशिंदा राहत नाही. गावाकडे कोरडवाहू जमीन कसणारा थोरला भाऊ, आईवडिलांचे औषधपाणी, पुतण्यांच्या शिक्षणाची फी, पीक बुडाले तर सोसायटीचे थकलेले कर्ज, हे सारे त्याच्या महिनाभराच्या पगाराकडे डोळे लावून बसलेले असते. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर शासनाने २०१५ साली ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन शेतकऱ्याच्या मनःस्थितीची विचारपूस करू लागल्या, ही अत्यंत स्तुत्य गोष्ट झाली. मात्र त्याच घरातील जो भाऊ मस्टरवर सही करतो, त्याला दुःख कसले, त्याचा पगार तर चालू आहे, अशीच समजूत सार्वत्रिक राहिली. दुष्काळ त्याच्याही घरात शिरतो, आणि अर्ध्या पगाराची रजा त्याला परवडत नाही, ही साधी गोष्ट ध्यानात येत नाही.

एस.टी.च्या चालक-वाहकांचे उदाहरण घ्या. गंगाखेड, जिंतूर, पाथरी यांसारख्या आगारांतून संध्याकाळी निघालेली मुक्कामी गाडी आडवळणाच्या गावी पोहोचते, पाराजवळ उभी राहते, उतारू आपापल्या घरी जातात, आणि चालक-वाहक गाडीतच किंवा गावाने दिलेल्या एखाद्या खोलीत अंग टाकतात. उकाडा, डास आणि पहाटेच्या पहिल्या फेरीची धाकधूक यांत झोप किती लागणार? अपुरी, तुटक झोप ही नैराश्याची पूर्वसूचना आहे आणि काही अंशी त्याचे कारणही आहे, हे मानसवैद्यकाने निश्चितपणे दाखविले आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत राज्यभर एस.टी. कर्मचाऱ्यांचा जो प्रदीर्घ संप चालला, त्यात वेतनाची आणि विलीनीकरणाची मागणी सर्वांच्या कानी पडली. त्यामागची वर्षानुवर्षांची थकलेली मने मात्र फारशी चर्चेत आली नाहीत.

येथपर्यंत रजा ही खूण कशी असते ते पाहिले. पण दीर्घ रजा स्वतःही मनावर परिणाम घडवते, आणि हा भाग अधिक बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. सकाळी डबा घेऊन निघणे, ठरलेल्या टपरीवर चहा, दफ्तरातल्या चार माणसांशी बोलणे, संध्याकाळी परतणे, या क्रमाने माणसाच्या दिवसाला जो आकार आलेला असतो तो रजेत विस्कटतो. पहिले आठ-दहा दिवस विश्रांतीने बरे वाटते. त्यानंतर दुपारच्या वेळी अंथरुणावर पडल्या पडल्या विचारांचे चक्र सुरू होते: माझे टेबल कोणाकडे दिले असेल, माझ्या प्रलंबित प्रकरणांवर कोणी बोट ठेवले असेल, साहेब काय म्हणत असतील, आपण परत गेल्यावर सगळे कसे पाहतील. शेजारी विचारतात, ‘अजून घरीच का?’ त्यामुळे घराबाहेर पडणेही नकोसे होते. परिवर्तित रजा संपून अर्धवेतनी आणि पुढे बिनपगारी असाधारण रजा सुरू झाली, म्हणजे त्यात हप्त्यांची चिंता मिळते. रजा जितकी लांबेल तितके कामावर परतणे अवघड होत जाते, हा सर्व देशांतील अनुभव आहे; आणि म्हणूनच फिनलंडने २००७ सालापासून अंशतः आजारी रजेची सोय केली, जिच्यायोगे माणूस अर्धा वेळ काम करून उरलेल्या वेळेची भरपाई घेतो आणि पायरीपायरीने पूर्ण कामावर येतो. आमच्या नियमांत मधली पायरी नाही. माणूस एक तर पूर्ण रजेवर असतो, नाही तर ‘म.पू. रुजू’ असा शेरा पडल्या क्षणापासून साऱ्या थकलेल्या कामासह पूर्ण कामावर असतो. रुजू होताना त्याच्याकडून स्वास्थ्याचा दाखला घेतला जातो, आणि तेथे त्याच्या प्रकृतीची चौकशी संपते. माझ्या मते आमच्या रजापद्धतीतला सर्वांत मोठा दोष हाच आहे. कारण पुन्हा खचण्याचा धोका ज्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक, नेमक्या त्याच आठवड्यांत माणसाला एकटे सोडले जाते.

आता ज्यांना आजारी रजाच नाही त्यांचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही, कारण जिल्ह्यातील श्रमिकांत बहुसंख्य तेच आहेत. मानवत-सेलूच्या जिनिंगमधील हंगामी मजूर, कंत्राटी लिपिक, दुकानातला गडी, आणि दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊसतोडीला जाणारी जोडपी. तोडीवर एक दिवस आजारी पडले तर मजुरी जातेच, वर खाड्याचा दंड उचलीत चढतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली केली. त्या वेळी ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि खाडा पडू नये ही निकड त्यामागील कारणांत पुन्हा पुन्हा सांगितली गेली. रजा न घेणारा तो निरोगी, असे मानणे किती घातक आहे याचा याहून दारुण पुरावा नसेल. लंडनच्या त्याच पाहणीतून २००५ साली असेही दिसले होते की, प्रकृती बरी नसताना मुळीच रजा न घेणाऱ्या पुरुषांत हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण, माफक रजा घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होते. तात्पर्य, फार रजा हा जसा इशारा आहे, तशी आजारपणातही न घेतलेली रजा हाही इशाराच आहे, आणि तो कोणत्याच पानावर नोंदला जात नाही.

कायद्याच्या बाबतीत स्थिती पूर्वीइतकी निराशाजनक नाही. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमेदारास आजारपणात वर्षातील ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. आणि दीर्घ मुदतीच्या ज्या ३४ रोगांसाठी पुढे दोन वर्षांपर्यंत ८० टक्के दराने लाभ चालू राहतो, त्यांत स्किझोफ्रेनिया आणि अंतःस्थ नैराश्य यांचा स्पष्ट समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मनोविकारजन्य दिव्यांगत्वही मान्य केले, आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी नोकरास काढून टाकण्यास किंवा पदावनत करण्यास मनाई केली. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये हे संरक्षण मनोविकारग्रस्तासही लागू असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर उपचारांबाबतच्या गोपनीयतेचा हक्क रोग्याला दिला आहे. हा हक्क प्रत्यक्षात उतरावयाचा असेल तर मानसोपचाराचा दाखला सीलबंद स्वीकारला जावा आणि तो फक्त मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यानेच पाहावा, एवढी व्यवस्था प्रत्येक कचेरीस करता येईल. तिला ना निधी लागतो, ना नवे पद.

उपचारांची सोय हा मात्र दुबळा दुवा आहे. राज्याची पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये, आणि चारही मराठवाड्याबाहेर. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने देशपातळीवर दाखविले की, वेगवेगळ्या मनोविकारांनी पीडित असलेल्यांपैकी ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत लोक उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. हे लक्षात घेता, जेथे माणूस रोज येतो ती कचेरी, ते आगार, ती शाळा हीच त्याचे दुखणे प्रथम ओळखू शकणारी जागा ठरते.

म्हणून खातेप्रमुखांस एक कळकळीची विनंती. एकाच वर्षात एखाद्याचा वैद्यकीय रजेचा तिसरा अर्ज टेबलावर आला, तर कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा मागविण्यापूर्वी त्या माणसाला एकट्याला बोलवावे, दार लावून घ्यावे, आणि ‘झोप लागते का? घरी सगळे ठीक आहे ना?’ एवढे विचारावे. तो रुजू झाल्यावर पहिले पंधरा दिवस त्याच्याकडे थकलेल्या फायलींचा ढीग देऊ नये. आणि ज्याच्या स्वतःच्याच पानावर परिवर्तित रजेच्या नोंदी वाढत चालल्या आहेत, त्याने पित्ताच्या गोळीबरोबर मनाचेही दुखणे डॉक्टरला सांगावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. ती दिवसरात्र उपलब्ध असते आणि तेथे मराठीत बोलता येते.